कोण पुढे, कोण मागे – आणि कधीपासून?

गेल्या सेमिस्टरला आम्हाला ह्युमॅनिटीजचा एक ऑडिट कोर्स होता. ऑडिट कोर्स म्हणजे काय ते या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. अटेंडन्स भरायची, एक असाइनमेंट टाकायची आणि विसरून जायचं. असाइनमेंट अशी होती की, अमेरिकेत बाहेरून येऊन वसलेले कोणतेही दोन समाज घ्या आणि त्यांची आर्थिक स्थिती ताडून पाहा. मॅडमनी चिठ्ठ्या काढायला लावल्या. माझ्या चिठ्ठीत निघालं: इटालियन आणि अल्बानियन.

इटालियन वाचून हायसं वाटलं. पिझ्झा, फेरारी, 'गॉडफादर', पाच पानं सहज भरतील. अल्बानियाबद्दल मात्र मला एकच गोष्ट ठाऊक होती आणि तीही शाळेमुळे. आमच्या कॉन्व्हेंटच्या जिन्यापाशी मदर तेरेसांचा मोठा फोटो होता. सिस्टर सांगायच्या की मदर जन्माने अल्बानियन, १९१० साली स्कोप्ये गावात जन्मलेल्या. बस्स, माझं अल्बानिया तिथेच संपत होतं.

सबमिशनच्या आदल्या रात्री बसून काम उरकलं. अमेरिकेच्या जनगणना खात्याची आकडेवारी उघडली. आपले पूर्वज इटालियन होते असं सांगणारे तिथे १ कोटी ६० लाखांहून जास्त लोक आहेत, अल्बानियन सांगणारे २ लाखांच्या थोडे वर. इटालियन कुटुंबांचं उत्पन्न देशाच्या सर्वसाधारण पातळीच्या वर, अल्बानियन कुटुंबांचं इटालियनांच्या खाली. दोन रंगीत बार-चार्ट काढले आणि खाली निष्कर्ष ठोकला: "इटालियन समाज मेहनती व उद्यमशील असल्याने पुढे गेला. अल्बानियन समाज तुलनेने मागे राहिला." 'उद्यमशील' हा शब्द डिक्शनरीतून शोधून घातला होता. कॉन्व्हेंटवाल्यांना मराठीत असे शब्द वापरायची संधी कमीच मिळते, त्यामुळे मी खूश होते.

चार दिवसांनी पेपर परत आला. 'पुढे गेला' याच्यासमोर लाल पेनाने लिहिलं होतं, "कधी?" आणि 'मागे राहिला' याच्यासमोर, "कोणाच्या?" खाली 'रिसबमिट'.

ऑडिट कोर्सला रिसबमिट! मेसमध्ये मी दोन दिवस हाच विषय चघळत होते. मग नाइलाजाने लायब्ररीत बसले आणि तीन आठवडे तिथेच अडकले. त्या तीन आठवड्यांत जे कळलं ते इथे मांडतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी इटालियन

१८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून जास्त इटालियन अमेरिकेत उतरले. त्यातले बहुतेक दक्षिणेचे: सिसिली, कालाब्रिया, नेपल्सच्या भोवतालचा मुलूख. इटली हा देश १८६१ साली एक झाला खरा, पण कारखाने उत्तरेला वाढले आणि दक्षिणेच्या वाट्याला बडे जमीनदार, नापीक डोंगर, कर आणि मलेरिया आला. तिथून निघालेल्या मोठ्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. फेरारी-बिरारी सोडा, यांच्यापैकी कित्येकांनी आगगाडी पहिल्यांदा पाहिली ती बंदराकडे जाताना.

अमेरिकेत त्यांना मिळालेली कामं म्हणजे भुयारी रेल्वेची खोदाई, रूळ टाकणं, खाणी, गोदी आणि कपड्यांचे कारखाने. काम द्यायचा 'पाद्रोने' नावाचा माणूस. तो तिकिटाचे पैसे आधी द्यायचा, टोळी जमवून कामावर न्यायचा आणि मग मजुरीतून आपला हिस्सा कापत राहायचा. हे मी मोठ्याने वाचत होते तेव्हा माझी रूम पार्टनर ड्रॉइंग शीटवरून मान वर न करता म्हणाली, "म्हणजे मुकादम. उचल देतो तो." ती बीड जिल्ह्यातली आहे. दसरा झाला की तिच्या गावातून ऊसतोडीला ट्रक निघतात. मला 'पाद्रोने' समजून घ्यायला दोन पानं लागली होती, तिला दोन शब्द.

या कामांत माणसं मरायची. १९०७ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगा खाणीत स्फोट झाला. सरकारी आकड्याप्रमाणे ३६२ कामगार गेले, त्यात इटालियनांची संख्या मोठी होती. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली, १४६ बळी गेले. बहुतेक आपल्या वयाच्या किंवा त्याहून लहान ज्यू आणि इटालियन मुली. बाहेर पडायचा एक दरवाजा कुलूपबंद होता. त्याआधी १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्स शहरात जमावाने तुरुंग फोडून ११ इटालियनांना ठार मारलं होतं. 'मेहनती व उद्यमशील' हे शब्द त्या काळच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यासाठी फारसे वापरले नाहीत. गुन्हेगार, अडाणी, सुधारणार नाहीत अशीच त्यांची ख्याती होती.

१९१७ साली अमेरिकेने येणाऱ्यांसाठी साक्षरतेची अट घातली. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशाचा कोटा ठरला. जिथून एकेका वर्षी लाखाच्या वर माणसं यायची त्या इटलीला वर्षाला चार हजारांहूनही कमी जागा मिळाल्या. आणि अल्बानियाला? फक्त १००. दोन समाज एकाच टेबलात एकाखाली एक आलेले मला पहिल्यांदा दिसले ते इथे.

दुसरी पिढी तरी लगेच वर गेली असेल असं मला वाटलं होतं. तसंही नाही. घरात पैसा नाही म्हणून पोरं शाळा सोडून कामाला लागत. लिओनार्ड कोव्हेलो नावाचे एक शिक्षक होते. लहानपणी इटलीहून न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये आले. मूळ आडनाव कोव्हिएलो, ते उच्चाराला सोपं म्हणून शाळेनेच बदलून टाकलं. १९३४ साली ते तिथल्या बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले आणि इटालियन आईबापांना शाळेच्या दारात आणण्यासाठी त्यांनी आयुष्य घालवलं. पुढे १९५७-५८ मध्ये हर्बर्ट गॅन्स हे समाजशास्त्रज्ञ बॉस्टनच्या वेस्ट एंड वस्तीत राहिले. तिथे अमेरिकेतच जन्मलेले इटालियन होते, पण तेही मुख्यतः कामगारच. म्हणजे येऊन पन्नास वर्षं झाली तरी 'पुढे गेला' म्हणावं अशी स्थिती नव्हती.

मग गाडी हलली कशी? दुसऱ्या महायुद्धानंतर बऱ्याच गोष्टी एकदम घडल्या. लाखो इटालियन मुलं सैन्यात होती. १९४४ च्या जीआय बिलाने सैन्यातून परतलेल्यांना कॉलेजची फी आणि घरासाठी स्वस्त कर्ज मिळालं. कारखाने जोरात होते, युनियनमुळे पगार बरे होते, शहराबाहेर नव्या वसाहती उभ्या राहत होत्या. मात्र हीच सवलत बहुतेक काळ्या सैनिकांच्या हाती प्रत्यक्षात पडली नाही. बँका त्यांना कर्ज देत नसत, कित्येक वसाहती त्यांना घर विकत नसत. म्हणजे मेहनत दोघांची होती, दार एकालाच उघडलं. रिचर्ड अल्बा या समाजशास्त्रज्ञाने १९८५ साली दाखवून दिलं की युद्धानंतर जन्मलेली इटालियन वंशाची पिढी शिक्षणात इतरांच्या जवळपास बरोबरीला आली आहे. सर्वात मोठी लाट १९०० ते १९१४ मधली. म्हणजे बरोबरीला यायला साधारण सत्तर-ऐंशी वर्षं गेली.

मग अल्बानियन

अल्बानियन भाषेत 'कुर्बेत' असा शब्द आहे. पोटासाठी घर सोडून परमुलखात जाणं. आपल्याला हिंदी-उर्दूतला 'गुरबत' माहीत आहे, तो याचाच भाऊ. त्याचे दोन अर्थ आहेत, परदेशवास आणि गरिबी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोर्चा भागातले पुरुष कुर्बेतला निघून बॉस्टन आणि वूस्टरच्या गिरण्यांत आले. त्यांच्यातच फान नोली हा माणूस होता. १९०८ साली त्याने बॉस्टनमध्ये अल्बानियन भाषेत पहिली प्रार्थना चालवली, १९१२ मध्ये 'वात्रा' ही संघटना उभी केली आणि १९२४ साली तो काही महिने अल्बानियाचा पंतप्रधानही होता! पण ही लाट छोटी होती, बरेच जण पैसे साठवून परत गेले आणि १०० च्या कोट्याने उरलेली वाट बंद केली.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर खुद्द अल्बानियानेच दाराला आतून कडी लावली. एन्व्हर होजाच्या राजवटीत परवानगीशिवाय देश सोडणं हा गुन्हा होता. खाजगी धंदा बंद, खाजगी मोटार बंद. परकीय आक्रमणाच्या भीतीने देशभर दीड लाखाहून जास्त काँक्रीटचे बंकर बांधले गेले. (सिव्हिलवाल्यांनी सिमेंटचा हिशोब करावा.) एक मात्र मान्य करायला हवं, याच राजवटीत निरक्षरता जवळजवळ संपली. या काळात अमेरिकेत पोचले ते मुख्यतः तेव्हाच्या युगोस्लाव्हियातले, म्हणजे कोसोव्हो आणि मॉन्टेनेग्रोतले अल्बानियन.

१९९० नंतर कडी निघाली. ८ ऑगस्ट १९९१ ला 'व्लोरा' नावाचं मालवाहू जहाज सुमारे वीस हजार अल्बानियन घेऊन इटलीच्या बारी बंदरात शिरलं. त्याचे फोटो पाहा. डोलकाठीवरसुद्धा माणसं आहेत. ज्या दक्षिण इटलीतून एकेकाळी लोक पोटासाठी निघाले, तिथेच आता दुसरे पोटासाठी उतरत होते. इटलीने त्यांना स्टेडियममध्ये ठेवलं आणि बहुतेकांना परत पाठवलं. पुढे १९९७ साली अल्बानियातल्या 'पैसे दुप्पट' छापाच्या पिरॅमिड योजना कोसळल्या, हजारो घरांची आयुष्याची पुंजी बुडाली आणि दंगलीत सुमारे दोन हजार माणसं मेली. १९९९ मध्ये कोसोव्होचं युद्ध झालं. आज अमेरिकेत असलेला अल्बानियन समाज मुख्यतः या वर्षांत आलेला किंवा या वर्षांत आलेल्यांची मुलं.

घड्याळ एकत्र लावलं तर

इथे मला मॅडमचा "कधी?" कळला.

कंट्रोल सिस्टीम्समध्ये आपण स्टेप रिस्पॉन्स काढतो. इनपुट दिल्यावर आउटपुट लगेच जागेवर येत नाही. आधी हेलकावे, मग हळूहळू सेटल. दोन सिस्टीम्सची तुलना करायची तर दोघींचा टी-इज-इक्वल-टू-झीरो एकाच जागी धरावा लागतो. एकीला सुरू होऊन दहा सेकंद झालीत, दुसरीला एक सेकंद, आणि आपण एकाच क्षणी रीडिंग घेऊन म्हणालो की पहिली चांगली, तर ओरलला एक्स्टर्नल बाहेर काढतील. मी नेमकं तेच केलं होतं.

इटालियनांचा शून्य साधारण १९०५ ला धरा, अल्बानियनांचा १९९५ ला. मधलं अंतर नव्वद वर्षं. अल्बानियनांना आता तीस वर्षं झाली. मग त्यांच्या शेजारी ठेवायला हवा १९३५ चा इटालियन. तेव्हा मंदी चालू होती, कोव्हेलोंना हेडमास्तर होऊन एक वर्ष झालं होतं, आणि जीआय बिल यायला नऊ वर्षं अवकाश होता. हो, न्यूयॉर्कचा महापौर ला गार्डिया इटालियन वंशाचा होता. पण एक महापौर म्हणजे समाज नव्हे. तसं बघितलं तर अल्बानियन स्थलांतरिताचा मुलगा फेरिड मुराद यांना १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. ताऱ्यांवरून समाज मोजू नये, एवढंच.

ही चूक करणारी मी पहिली नव्हे, याने जरा बरं वाटलं. अमेरिकी संसदेने नेमलेल्या डिलिंगहॅम कमिशनने १९११ साली तब्बल ४१ खंडांचा अहवाल दिला. 'जुने' स्थलांतरित म्हणजे जर्मन, ब्रिटिश, स्कँडिनेव्हियन चांगले आणि 'नवे' म्हणजे दक्षिण इटालियन, पोलिश, ज्यू वगैरे हलके, असा त्याचा सूर होता. त्याने 'उत्तर इटालियन' आणि 'दक्षिण इटालियन' असे दोन वेगळे वंशसुद्धा करून टाकले. पण जुने लोक तिथे येऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि नवे काल-परवा उतरले होते, हे नीट हिशोबात धरलं नाही. १९१९ मध्ये पॉल डग्लस यांनी जुन्यांना त्यांच्या येण्याच्या काळात आणि नव्यांना त्यांच्या येण्याच्या काळात मोजून पाहिलं. जुने काही जास्त कुशल निघाले नाहीत. हे तेच डग्लस, कॉब-डग्लस फंक्शनवाले, इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समध्ये ज्यांच्या नावाने आपण ओरडतो. पण त्यांचं ऐकलं कोणी? कमिशनच्या अहवालाचा आधार घेऊनच पुढचे कायदे झाले. म्हणजे ४१ खंड आणि एक चुकलेला टी-झीरो, आणि त्याची किंमत मोजली ती बंदरावरून परत पाठवल्या गेलेल्या माणसांनी.

अलीकडे अब्रामित्झ्की, बुस्तान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या जनगणनांतली लाखो बाप-लेकांची नावं जुळवून हे पुन्हा तपासलं. २०२१ चा त्यांचा निबंध सांगतो की गरीब घरातल्या स्थलांतरितांची मुलं, अमेरिकेतच जन्मलेल्या तेवढ्याच गरीब आईबापांच्या मुलांपेक्षा वर जातात. जवळजवळ प्रत्येक देशातून आलेल्यांची. आणि हे शंभर वर्षांपूर्वीही खरं होतं, आजही आहे. कारणं अशी की ही माणसं मुळातच संधी असलेल्या गावी जाऊन वसतात, आणि पहिल्या पिढीची कमाई तिच्या लायकीपेक्षा कमी असते. गावी मास्तर असलेला इथे फरशी पुसतो, पण त्याच्या मुलीला घरात मास्तरच मिळतो.

तरी वेळ हेच एकमेव उत्तर नाही. इटालियन निरक्षर आले, पण कारखान्यांच्या भरभराटीत सापडले. अल्बानियन शिकून आले, पण कारखाने ओस पडल्यावर. इनिशियल कंडिशन वेगळी आणि सिस्टीमही वेगळी. त्यामुळे तोच कर्व्ह पुन्हा उमटेल असं छातीठोक सांगता येत नाही.

मोजपट्टीच्या भानगडी

आता दुसरा प्रश्न, "कोणाच्या मागे?"

पहिली भानगड लेबलाची. अमेरिकेत १९८० च्या जनगणनेपासून 'तुमचे पूर्वज कुठले' असं विचारलं जातं आणि माणूस सांगेल ते लिहिलं जातं. चौथ्या पिढीतला माणूस आजी इटालियन, आजोबा आयरिश, म्हणून दोन्ही लिहितो आणि दोन्हीकडे मोजला जातो. कोसोव्होचे अल्बानियन युगोस्लाव्ह पासपोर्टवर आलेले, म्हणजे जुन्या कागदांत युगोस्लाव्ह. सगळ्यात गंमत म्हणजे आर्बरेश लोक. पंधराव्या शतकात तुर्कांपासून पळून दक्षिण इटलीत आलेले हे अल्बानियन. त्यांची गावं तिथे अजून आहेत, भाषाही टिकून आहे. इटलीचे पंतप्रधान फ्रांचेस्को क्रिस्पी याच वंशाचे. सिसिलीतल्या कोंतेसा एंतेल्लिना गावचे आर्बरेश न्यू ऑर्लिन्सला गेले. त्यांचे वंशज माझ्या बार-चार्टमध्ये कोणत्या बारमध्ये आहेत? बहुधा इटालियन. अल्बानियन असून!

दुसरी भानगड कुटुंबाची. टेबलात असतं ते घरटी उत्पन्न. तीन कमावती माणसं एका छताखाली राहिली तर घर श्रीमंत दिसतं, डोकी भागिले केल्यावर नाही. नव्याने आलेले लोक असेच एकत्र राहतात. शिवाय न्यूयॉर्कचा डॉलर आणि ओहायोतल्या खेड्यातला डॉलर यांत घरभाड्यापुरता तरी फार फरक पडतो. अल्बानियन मुख्यतः न्यूयॉर्क, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स अशा थोड्या राज्यांत एकवटलेत, इटालियन देशभर पांगलेत.

तिसरी भानगड उत्पन्न आणि मालमत्तेची. १९७०-८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात इमारती जळत होत्या आणि मालक त्या सोडून पळत होते. तिथे इमारतींची देखभाल करणारे, बॉयलर सांभाळणारे बरेच जण अल्बानियन होते. भाऊ-भाऊ पगार एकत्र करायचे आणि स्वस्तात इमारत विकत घ्यायचे, मग दुसरी. पगाराच्या टेबलात हा माणूस बॉयलरवालाच दिसतो, त्याच्या नावावरची इमारत दिसत नाही.

याच ब्राँक्समध्ये आर्थर ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे, तिथली 'लिटल इटली'. तिथल्या कित्येक दुकानांचे मालक आता अल्बानियन आहेत. काही जण अमेरिकेला येताना वाटेत इटलीत राहिले, भाषा आणि स्वयंपाक दोन्ही शिकले. कम्युनिस्ट काळात अल्बानियातले लोक चोरून इटालियन टीव्ही बघायचे, त्याचाही उपयोग झाला. इटालियनांची मुलं वकील-डॉक्टर होऊन उपनगरात गेली, भट्टी रिकामी झाली, तिच्यासमोर अल्बानियन उभा राहिला. पाटीवर नाव इटालियनच. मला हे कळल्यावर वाटलं की मी ज्यांना दोन शर्यतपटू समजत होते ते एकाच जिन्याच्या दोन पायऱ्यांवर उभे होते.

आणि आपण?

हॉस्टेलमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, विशेषतः जीआरईच्या सीझनला: "अमेरिकेत सगळ्यात जास्त कमावतात ते भारतीय. आपलं डोकंच तसं आहे." पूर्वी मीही मान डोलवायचे.

पण चाळणी बघा. इटालियन आले तेव्हा १९१७ पर्यंत साक्षरतेचीसुद्धा अट नव्हती. अल्बानियनांना १९९५ पासून डायव्हर्सिटी व्हिसाची लॉटरी मिळाली. बारावीइतकं शिक्षण किंवा हाताला कसब आणि वर नशीब, एवढ्यावर हजारो जण गेले. भारताला ती लॉटरी कधी खुलीच नव्हती, कारण इथून आधीच खूप लोक जातात. १९६५ च्या कायद्यानंतर आपल्याकडून जे गेले ते मुख्यतः डॉक्टर, इंजिनिअर, एमएस करणारे आणि त्यांचे नातेवाईक. त्यांच्यातल्याच मराठी लोकांनी १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापलं. म्हणजे अमेरिकेने आपल्या देशातून वरची साय काढून घेतली आणि आपण म्हणतो, बघा आमचं दूध किती घट्ट. त्यांचे कष्ट खोटे नाहीत. पण ट्रकभर ऊसतोड कामगार तिथे उतरले असते तर टेबल वेगळं दिसलं असतं, आणि त्यावरून कोणी आपल्याला 'मागे राहिलेला समाज' म्हटलं असतं तर आपण काय म्हणालो असतो?

हा लेख मला खरं तर इथेच संपवायचा होता. पण एक गोष्ट लिहिली नाही तर अप्रामाणिकपणा होईल.

फर्स्ट इयरला मी माझ्या रूम पार्टनरबद्दल घरी फोनवर म्हणाले होते, "आई, ही काय टिकणार नाही गं." ती जिल्हा परिषदेच्या शाळेतली, मराठी मीडियम. इंग्लिश लेक्चर डोक्यावरून जायचं, पहिल्या सेमिस्टरला दोन केट्या लागल्या. मला डिस्टिंक्शन. मी मनातल्या मनात बार-चार्ट काढून मोकळी झाले होते. माझे वडील इंजिनिअर, आजोबा हेडमास्तर, घरात पुस्तकांचं कपाट. तिच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली. आमचं दोघींचं टी-झीरो एक नव्हतं, हे मला तेव्हा कोणी लाल पेनाने लिहून दिलं नाही.

आता ती टॉपर झाली आहे असं काही नाही, सिनेमा नव्हे हा. एम-थ्री तिने दुसऱ्या प्रयत्नात काढला. गेल्या सेमिस्टरला कंट्रोल सिस्टीम्सचे रूट लोकस मात्र मी तिच्याकडून शिकले. मार्क अजून माझेच जास्त आहेत. पण ती कुठून निघाली आणि मी कुठून, हे धरून कोण किती चालली ते मोजलं, तर मला माझ्या निष्कर्षाबद्दल आता खात्री नाही.

असाइनमेंट मी पुन्हा लिहिली. टेबल तेच ठेवलं, कारण आकडे चुकीचे नव्हते. फक्त दोन कॉलम वाढवले: 'कधी आले' आणि 'कोणत्या चाळणीतून आले'. आणि 'उद्यमशील' हा शब्द खोडला. मॅडमनी सही करून परत दिली. या वेळी लाल शाई कुठेच नव्हती, फक्त कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, "ठीक. स्पेलिंग पाहा."